माझा ‘थोडासा’ थायरॉइड!

उठल्या उठल्या दमणं, दुपारी चारला डुलक्या आणि रिपोर्टवर एक ठळक आकडा... ‘बॉर्डरलाइन थायरॉइड’ हे प्रकरण नेमकं असतं तरी काय? पुण्यातल्या फ्लॅटपासून माळशिरसच्या दवाखान्यापर्यंतचा एक स्वानुभव.

त्या रविवारी मी साडेअकराला उठले, चहा केला आणि चहा पिता पिता पुन्हा झोपले. कप हातातच! नऊ तास झोपलेल्या माणसाला पुन्हा झोप कशी येते, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण प्रश्न पडायलाही थोडी एनर्जी लागते, आणि नेमकी तीच नव्हती.

तसं दोन-तीन महिने हे चालूच होतं. जिना चढताना धाप, आंघोळीच्या वेळी हातात मूठभर केस, एकच पॅरेग्राफ तीनदा वाचायचा आणि तरी डोक्यात शिरायचा नाही. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, डेडलाइन मात्र असते. ‘स्ट्रेस आहे गं,’ एक रूममेट म्हणाली. ‘वय झालं तुझं,’ दुसरी म्हणाली. ती पंचवीसची, मी अठ्ठावीसची!

मग एक दिवस मोबाइलवर ऑफर झळकली. सत्तर टेस्ट, घरी येऊन रक्त नेणार, भरघोस डिस्काउंट. सेलमध्ये कुर्ता घेतानासुद्धा मी इतक्या पटकन पैसे भरत नाही.

दुसऱ्या दिवशी वीस पानी पीडीएफ हजर. बहुतेक आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे होते. एक-दोन ठळक अक्षरांत होते, पण त्यांच्याकडे कोण बघतंय? माझी नजर एकावरच खिळली. टीएसएच : ६.२. शेजारी नॉर्मलची हद्द, ०.२७ ते ४.२०.

खरं सांगू? मला आनंद झाला. म्हणजे मी आळशी नव्हते! माझ्या थकव्याला नाव मिळालं होतं, आणि तेही सगळ्यांना माहीत असलेलं. संध्याकाळपर्यंत मी कोबी सोडला, सोयाबीन सोडलं, गुलाबी मीठ मागवलं. रात्री एका मैत्रिणीला फोन केला, तर तिच्याकडे उपाय तयार. ‘माझी पंचवीसची गोळी चालू होती, आता डोस वाढलाय. जुनी बाटली अर्धी शिल्लक आहे. घेऊन जा, सुरू कर. काही होत नाही.’

ती बाटली पर्समध्ये टाकून मी गावी गेले.

आषाढात स्वेटर

आमचं गाव माळशिरस, जिल्हा सोलापूर. पंढरीच्या वाटेवरचं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याहून निघते, वाटेत सदाशिवनगरला रिंगण होतं आणि मुक्कामाला माळशिरसला येते. त्या दिवशी आमच्याकडचं प्रत्येक घर म्हणजे अन्नछत्र. आमच्या घरीही एका दिंडीतली तीस-चाळीस माणसं जेवायला असतात. भाकऱ्यांची ड्युटी आईची. ती कुणाला देत नाही.

गेल्या आषाढात मात्र सात-आठ भाकऱ्या झाल्या आणि आईने काठवट बाजूला सारली. भिंतीला टेकून बसली. ‘काय नाय गं, जरा बसते,’ म्हणाली. काकू मुकाट्याने तिच्या जागी येऊन बसली. चुलीजवळ घामाच्या धारा लागलेल्या, आणि आईच्या अंगात स्वेटर.

मी ते पाहिलं आणि विसरले. मला माझा स्वतःचा थायरॉइड होता ना!

दुसऱ्या दिवशी पालखी वेळापूरकडे निघाली, गाव रिकामं झालं आणि मी डॉक्टरकाकांकडे गेले. लहानपणापासून तेच आमचे डॉक्टर. ‘एकटी कशाला जातीस?’ म्हणत आईही सोबत आली.

मुकादमाची हाक

मी रुबाबात मोबाइल पुढे केला. ‘काका, थायरॉइड निघाला.’

काकांनी आकडा बघितला आणि फोन टेबलावर ठेवून दिला. मग सुरू झाली प्रश्नांची सरबत्ती. रक्त किती वाजता दिलंस? सकाळी सातला. रात्री झोपलीस कधी? तीनला, कॉपी फाइल करून. त्याआधी काही आजारपण? हो, पंधरा दिवसांपूर्वी ताप येऊन गेला होता. कुणी आधी विचारलं होतं हे? नाही. पीडीएफ कशी विचारणार?

‘ऊसतोड बघितलीस ना?’ काका म्हणाले. माळशिरस तालुक्यात ज्याने ऊसतोड बघितली नाही तो माणूस शोधावा लागेल. ‘फडात टोळी तोडत असते आणि बांधावर मुकादम उभा असतो. टोळी सुस्त पडली की मुकादम ओरडतो. टीएसएच म्हणजे मुकादमाची हाक. थायरॉइड म्हणजे टोळी.’

मुकादम म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी. थायरॉइड गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराचा. तो टी-४ आणि टी-३ ही हॉर्मोन्स बनवतो, त्यांच्यावर शरीराच्या कामाचा वेग ठरतो. रक्तात ती कमी पडायला लागली की पिट्युटरी टीएसएच वाढवते. म्हणून टीएसएच वर म्हणजे थायरॉइड मंद. हे उलटं गणित पहिल्यांदा भल्याभल्यांना गोंधळात टाकतं.

‘आता बघ, तुझा मुकादम जरा आवाज चढवून बोलतोय. पण ऊस कारखान्यावर पोचतोय का? पोचतोय. टी-४ नॉर्मल आहे. मग टोळी पळून गेली असं कसं म्हणायचं?’

यालाच डॉक्टरी भाषेत ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम’ म्हणतात. टीएसएच थोडा वर, टी-४ जागेवर. आणि हा मुकादम लहरीही असतो बरं का! टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारकडे कमी. जागरणाने तो वर जाऊ शकतो, आजारातून उठतानाही काही काळ वाढतो. म्हणूनच अशा एकाच रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. दोन-तीन महिन्यांनी टेस्ट पुन्हा करायची, शक्यतो त्याच लॅबमध्ये, साधारण त्याच वेळेला. इस्राएलमध्ये लाखो लोकांच्या रिपोर्टवर केलेला एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांचा टीएसएच ५.५ ते १० च्या दरम्यान होता, त्यांच्यापैकी ६० टक्क्यांहून जास्त लोकांचा आकडा पुढच्या पाच वर्षांत नॉर्मल आढळला.

सगळ्यांनाच कसा काय निघतो?

ऑफिसच्या लंच टेबलवर आज ‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य ‘मला ॲसिडिटी आहे’ इतकं कॉमन झालंय. याचं एक कारण म्हणजे तो खरोखरच कॉमन आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळजवळ ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम होता, आणि माझ्यासारखे ‘थोडेसे’वाले आणखी ८ टक्के होते. पुरुषांपेक्षा बायका जास्त, हे ओघाने आलंच.

दुसरं कारण तपासणीच स्वस्त झाली. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेल्या डॉ. ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये मुंबईत ‘थायरोकेअर’ सुरू केली, तीच मुळी थायरॉइडच्या टेस्ट मोठ्या संख्येने आणि कमी किमतीत करायच्या या कल्पनेवर. पुढे इतरही लॅब आल्या, घरी येऊन रक्त नेणारे आले, पॅकेजेस आली. चांगलंच झालं. एके काळी निदानच न होणारे पेशंट सापडायला लागले. पण टेस्ट सोपी झाली तशी आपण एक पायरी गाळायला लागलो : आधी डॉक्टर, मग टेस्ट. आता आधी टेस्ट, मग गुगल, मग मैत्रिणीची बाटली.

आणि मीठ? काकांना मी गुलाबी मिठाचं सांगितलं तर ते हसलेच. आपल्याकडे आयोडिनयुक्त नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून बंदी आहे. आयोडिनअभावी होणारी गलगंडं टाळायला सरकार मिठात आयोडिन घालायला लावतं, आणि आम्ही शहरातले शहाणे त्याच्या कितीतरी पट पैसे देऊन, बहुधा आयोडिन नसलेलं ‘नॅचरल’ मीठ आणतो! उलट, आयोडिनच्या जास्तीच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत. आयोडिन पुरेसं मिळत असताना थायरॉइड मंदावतो त्याचं मुख्य कारण वेगळंच असतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो हाशिमोतोच्या नावाने ओळखला जातो. जास्तीच्या आयोडिनने तो बिघडूही शकतो. कोबी मात्र बिनधास्त खा. शिजवलेल्या भाजीने नेहमीच्या जेवणात काही बिघडत नाही.

पान नंबर चौदा

‘मग काका, मी दमते कशाने?’

काकांनी फोन पुन्हा उचलला आणि पीडीएफ शांतपणे खाली सरकवत नेली. चौदाव्या पानावर थांबले. ‘हे वाचलंस?’

हिमोग्लोबिन १०.४. तेही ठळक अक्षरांत! बायकांमध्ये ते बाराच्या खाली गेलं की ॲनिमिया. माझ्या उत्तराचा अर्धा भाग पहिल्या दिवसापासून माझ्या मोबाइलमध्ये होता, पण ‘रक्त कमी’ हे काही लंच टेबलवर सांगण्यासारखं ग्लॅमरस नव्हतं. ते तर शाळेत लोहाच्या गोळ्या वाटायचे तेव्हापासून ऐकत आलेलं!

पुढचे प्रश्न नाजूक होते, पण काकांनी आईसमोरच विचारले. पाळी किती दिवस? सात-आठ. अंगावरून जास्त जातं? हो, वर्षभर. जेवल्यावर चहा? चहा नाही काका, कॉफी. जेवताना, जेवल्यावर, जेवणाऐवजी. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे तर मी स्वतः एका आर्टिकलमध्ये लिहिलं होतं!

काकांनी फेरिटिन तपासायला सांगितलं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो निघाला ७. गोदाम जवळजवळ रिकामं. यात मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. निम्म्याहून जास्त! आणि हिमोग्लोबिन बरं असतानाही नुसता साठा आटला तरी थकवा येऊ शकतो.

थकवा, केस गळणं, मन न लागणं ही लक्षणं कुणा एका आजाराच्या मालकीची नसतात. ती ॲनिमियात असतात, बी-१२ कमी असलं तर असतात, डायबेटिसमध्ये, डिप्रेशनमध्ये, घोरण्यामुळे झोप मोडत असेल तर असतात, आणि रोज रात्री तीनला झोपणाऱ्या मुलीतही असतात. रिपोर्टवर ठळक झालेला पहिला आकडा हेच कारण, असं धरून चाललं की बाकीच्यांचा शोधच थांबतो.

‘वहिनी, आवाज कधीपासून बसलाय?’

मी निघायला उठले, तर काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईकडे बघत होते.

‘वहिनी, आवाज कधीपासून बसलाय तुमचा?’

‘पावसाळी हवा हाय...’

‘आणि स्वेटर?’

आई गप्प. मग म्हणाली, ‘मला काय धाड भरलीय? तिचं बघा तुम्ही.’

काकांनी ऐकलं नाही. नाडी बघितली, मंद. चेहरा, पापण्या, पायांची कोरडी त्वचा बघितली. मग आईला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल टुणकन हललं, पण मागे यायला त्याने वेळ लावला. अगदी निवांत, आळस दिल्यासारखं. ‘बघितलंस? थायरॉइड खरंच बसला की स्नायू असा सावकाश सैल होतो,’ काका मला म्हणाले.

आईचं रक्त अकलूजच्या लॅबमध्ये गेलं. टीएसएच ६४. टी-४ तळाला. इथे मुकादम गळा काढून ओरडत होता आणि फडात कुणीच नव्हतं.

तीन वर्षं आई दमत होती. दुपारी आडवी व्हायची, बद्धकोष्ठतेची तक्रार करायची, नावं विसरायची. तिच्या थकव्याला आम्ही घरातल्या सगळ्यांनी एकच नाव दिलं होतं : वय. बाबांनी, काकूने, आणि फोनवर ‘आई, जरा चालायला जात जा’ असं सांगणाऱ्या मीसुद्धा. माझ्या ६.२ साठी मी सत्तर टेस्ट केल्या. तिच्या ६४ साठी तीन वर्षांत एकही नाही. परतताना रस्त्यावर वारकऱ्यांच्या पत्रावळ्या गोळा करणं चाललं होतं. आम्ही दोघी काही बोललो नाही.

गोळी कुणाला?

आईला गोळी लगेच सुरू झाली. ईसीजी काढून, कमी डोसपासून. तिच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. थायरॉक्सिन हे तिला हवंच असलेलं हॉर्मोन आहे, बहुधा कायमचं.

माझं काय? सबक्लिनिकलवाल्यांना गोळीने बरं वाटतं का, हे तपासणारा एक मोठा अभ्यास युरोपात झाला. ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. २०१७ मध्ये निकाल आला : टीएसएच खाली आला, पण वर्षभरानंतर थकव्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांच्या गटाने सबक्लिनिकल असलेल्या बहुतेक प्रौढांना गोळी देऊ नये अशी शिफारस केली. मात्र त्यातून त्यांनी काही जण वगळले : मूल हवं असलेल्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, लक्षणं तीव्र असलेले आणि अगदी तरुण, म्हणजे तिशीच्या आतले. अनेक डॉक्टर टीएसएच १० च्या वर गेला की गोळीचा विचार करतात. म्हणजे माझ्या वयाला ‘नकोच’ असा सरसकट नियम नाही. निर्णय माणूस बघून घ्यायचा.

काकांनी तो दोन महिन्यांनी घेतला. दरम्यान लोहाच्या गोळ्या, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी, जेवण आणि कॉफीत अंतर, आणि रात्री साडेबाराला लॅपटॉप बंद. शेवटचं सगळ्यात अवघड! दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१. जिना एका दमात. टीएसएच? ४.९. अजूनही रेषेच्या किंचित वरच! मी मात्र ठणठणीत.

आईमुळे काकांनी माझी अँटी-टीपीओ अँटिबॉडीही बघितली. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे हाशिमोतोची चाहूल. इंग्लंडमधल्या व्हिकम या भागात वीस वर्षं केलेल्या पाहणीत, टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी साधारण ४ टक्के जणींचा थायरॉइड पूर्ण मंदावला. म्हणजे गाफील राहायचं नाही, आणि आजच घाबरायचंही नाही. वर्षातून एकदा टेस्ट. ‘आणि मुलाबाळाचा विचार करशील तेव्हा त्याआधी माझ्याकडे यायचं, तेव्हा नियम वेगळे,’ काका म्हणाले. ते ऐकून आईचा चेहरा असा काही खुलला की हा गोळीचा परिणाम की विषयाचा, ते कळेना!

रिपोर्ट हातात आला की...

• टीएसएच थोडाच वाढलाय आणि टी-४ नॉर्मल आहे? दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. ताप, जागरण, चालू असलेली औषधं डॉक्टरांना सांगा.
• केसांसाठी बायोटिन घेताय? त्याने थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. ते किती दिवस आधी बंद करायचं, हे डॉक्टरांना विचारा.
• थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, शुगर यांच्याबद्दलही विचारा. झोप आणि मन यांच्याबद्दल स्वतःहून बोला.
• गरोदर आहात किंवा मूल हवंय? मग ‘थोडासा’ म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.
• थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने.
• चालू असलेली गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका, आणि दुसऱ्याची सुरू करू नका. गरज नसताना जास्त डोस गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात.
• आवाज घोगरा, सतत थंडी, चेहऱ्यावर सूज, वाढतं वजन, मंदपणा... घरात असं कुणी आहे का? एकदा त्यांच्याकडेही बघा.

मैत्रिणीची बाटली मी न उघडताच परत केली. तिला जरा रागच आला.

आईचा डोस दोनदा वाढला, टीएसएच आता नॉर्मलच्या हद्दीत आलाय. आवाज मोकळा झालाय. ते मला नीट माहीत आहे, कारण आता ती सकाळी सहाला फोन करते. गोळी घेतल्यानंतरचा बिनचहाचा अर्धा तास तिला जात नाही म्हणून! त्या अर्ध्या तासात मला गावातल्या सगळ्या बातम्या कळतात. परवा म्हणाली, ‘स्वेटर धुऊन ठेवलाय बघ ट्रंकेत. आणि काकूला सांगून ठेव, औंदा भाकरीला मीच बसणार.’